मध्यरात्रीचे डाकविमान

माझे वडील कारंजा भागातले. शेतातल्या जागलीच्या गोष्टी सांगताना ते म्हणत, "डाकेचं इमान गेलं, की मध्यरात्र झाली समजायचं." इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही, पोस्टाची तिकिटे आणि शिक्के जमवता जमवता या वाक्याचा अर्थ लागला. नकाशावर मुंबई ते नागपूर पट्टी ठेवली, तर रेघ अकोला-अमरावतीच्या थोड्या दक्षिणेने, कारंजाजवळूनच जाते.

३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई डाकसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने परतीला लागत. त्याच वर्षी १ एप्रिलपासून साधे पत्रही जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागले. पुढे या विमानांतून प्रवासीही जात.

१२ डिसेंबर १९५३ रोजी सोनेगावहून मद्रासकडे निघालेले डकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळले. १४ पैकी १३ जण गेले. वाचला तो एकटा वैमानिक. मृतांत कामगार नेते व संविधान सभेचे सदस्य हरिहरनाथ शास्त्री होते. विमान कंपन्या एकत्र करून स्थापलेल्या इंडियन एअरलाइन्सला तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते.

दगा दिला तो इंजिनाने. डकोटाला २ इंजिने. एक बंद पडले, की दुसरे विमानाला एका अंगाला ओढते. उंचावर सावरायला वेळ मिळतो. धावपट्टी नुकती सोडलेली असताना वेगही नसतो आणि उंचीही नसते. म्हणून हा प्रसंग वैमानिकाकडून पुन्हा पुन्हा घोटवून घेतात. पूर्वी तो सराव खऱ्या विमानातच होई, आणि त्यातही घात होता. जानेवारी १९७१ मध्ये सांताक्रूझला एअर इंडियाचे बोइंग ७०७ अशाच सरावात, एक इंजिन बंद असल्याचे गृहीत धरून उडताना, नष्ट झाले.

१६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून प्रवासी विमान उडू लागले. तेथे वैमानिक घडवणारी संस्थाही उभी राहत आहे. नेत्याचे नाव चरित्रकोशात राहते. रात्री थैल्या वाहून नेताना गेलेल्यांचे राहत नाही. बेलोऱ्याला शिकणाऱ्या मुलामुलींना पहिल्याच धड्यात जवळच्या सोनेगावची ही रात्र सांगावी, एवढेच मागणे.