बदक का मरेना?

नव्वदच्या दशकात आपल्याकडे निन्टेन्डोच्या यंत्राच्या नकला असलेले जे ‘व्हिडिओ गेम’ घरोघरी आले, त्यांतल्या अनेकांबरोबर प्लास्टिकची एक बंदूक मिळायची. ती ‘डक हंट’ या 1984च्या खेळासाठी. आज माळ्यावरून ती बंदूक काढून पंचावन्न इंची सपाट टीव्हीसमोर धरली, तर नेम कितीही अचूक असो, एकही बदक पडत नाही. बंदूक मात्र धडधाकट असते. तिच्या नळीत गोळी नव्हती, उजेड ओळखणारा एक डोळा होता. चाप ओढला की पडदा क्षणभर पूर्ण काळा व्हायचा आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. आधी अंधार, मग उजेड, असा क्रम त्या डोळ्याला दिसला तरच बदक मेलं. त्यामुळे बल्बकडे बंदूक रोखून गुण मिळवायची चलाखी चालत नसे. हा सगळा हिशेब सेकंदाच्या साठाव्या भागाचा. सपाट टीव्हीवर तो पांढरा चौकोन येतोही, पण खेळानं त्याची वाट बघणं सोडून दिल्यावर येतो. शिवाय त्या डोळ्यामागचं सर्किटही जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या प्रकाशाशी जुळवलेलं होतं. टीव्ही घेताना आज जो घोळ होतो, त्याचं मूळ या उशिरात आहे असं माझं मत आहे.

फर्डिनांड ब्राउन या शास्त्रज्ञानं 1897 साली बनवलेल्या नळीतून पुढे टीव्हीची पिक्चर ट्यूब आली. तिच्याकडे साठवण नव्हती. अँटेनातून किंवा वायरीतून संदेश जसा येईल तसा इलेक्ट्रॉनचा झोत काचेवर ओळीमागून ओळ रंगवत जायचा. चित्र थांबवायला, तपासायला, सुधारायला जागाच नव्हती. त्यामुळे राल्फ बेअर या अभियंत्यानं टीव्हीवर खेळायची कल्पना मांडली, तेव्हा वेगळा टीव्ही मागायची गरज पडली नाही. त्याच्या कामातून आलेला ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ 1972 साली अमेरिकेत बाजारात आला. त्याला रंग दाखवता येत नव्हते, म्हणून सोबत रंगीत पारदर्शक कागद मिळत. ते काचेवरच्या स्थिर विजेनं चिकटायचे आणि त्यावर टेनिसचं मैदान किंवा भुताटकीचा वाडा उभा राहायचा. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आणि आपल्याकडेही कृष्णधवल पडद्यासमोर रंगीत प्लास्टिक लावून रंगाची हौस भागवणारी घरं होतीच. तेव्हा टीव्ही घेताना चर्चा व्हायची ती इंचांची, लाकडी शटरची, स्टॅबिलायझरची आणि 1982नंतर रंगाची. ‘खेळायला कुठला घ्यावा?’ हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण त्याला अर्थच नव्हता. बघायचा टीव्ही आणि खेळायचा टीव्ही एकच होता.

सपाटपणानं ही एकी मोडली. (गंमत म्हणजे ‘फ्लॅट टीव्ही’ हा शब्द आपल्याकडे आधी रुजला तो सपाट काचेच्या, पण मागून तेवढ्याच जाडजूड डब्यांसाठी. पातळ टीव्ही नंतर आला.) एलसीडीच्या पडद्यावर ठिपक्यांची संख्या ठरलेली असते. बाहेरून येणारं चित्र त्या मापात बसवावं लागतं. जुन्या प्रक्षेपणात सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या येत, त्या शिवाव्या लागतात. हे करायला चित्र आधी साठवावं लागतं, आणि साठवणं म्हणजे थांबणं. त्यावर कंपन्यांनी आणखी एक करामत चढवली: दोन चित्रांच्या मधलं चित्र टीव्हीनं स्वतःच रचून घालायचं, म्हणजे धावणारा चेंडू गुळगुळीत दिसतो. पण मधलं रचायचं तर पुढचं हातात यावं लागतं, म्हणजे पुन्हा थांबा. असे थांबे मिळून सुरुवातीच्या अनेक सपाट टीव्हींवर सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशीर सहज व्हायचा. ताशी 140 किलोमीटर वेगाचा चेंडू तेवढ्या वेळात जवळजवळ चार मीटर पुढे सरकतो. सामना बघणाऱ्याला याचं काहीच सोयरसुतक नाही, कारण त्याच्यासाठी सगळंच सारखं उशिरा येतं. बॅट हातात असलेल्याचं काय होईल ते सांगायला नको.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की माणसाला प्रतिसाद द्यायलाच सेकंदाचा पाचवा भाग लागतो, मग एवढ्याशा उशिराचं कौतुक कशाला? हा युक्तिवाद दिसतो तितका पक्का नाही. पहिलं म्हणजे टीव्हीचा उशीर माणसाच्या उशिरात विरघळत नाही, त्यावर चढतो. दुसरं, खेळाडू केवळ दचकून बटण दाबत नाही, तो अंदाज बांधून वेळ साधतो. तबलजी सम ऐकून मग हात टाकत नाही, समेवर टाकतो. ‘गिटार हिरो’सारख्या तालाच्या खेळांत टीव्हीचा उशीर मोजून जुळवण्याची सोय पुढे द्यावी लागली ती याचसाठी. ‘स्मॅश ब्रदर्स मेली’ या 2001च्या खेळाचे स्पर्धक तर आजही जुने डबे उचलून स्पर्धेला आणतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, अगदी शब्दशः: मोठा डबा हलवायला दोन माणसं लागत, पडदा लुकलुकायचा, चित्राच्या कडा वाकायच्या. हे सगळं मान्य. डबा परत आणा असं कुणी म्हणत नाही. सपाट पडदा चांगलाच आहे. अडचण आहे ती त्याच्या आत बसलेल्या अतिउत्साही कारागिराची.

कंपन्यांनीही हे शेवटी कबूल केलं. ‘गेम मोड’ म्हणजे त्या कारागिराला सुट्टी. नोव्हेंबर 2017मध्ये आलेल्या एचडीएमआय 2.1च्या नियमावलीत, खेळाचं यंत्र सुरू होताच टीव्हीनं आपोआप कमी उशिराच्या अवस्थेत जाण्याची सोयही आली. मजा अशी की बघणारेही त्याच मागणीवर पोहोचले. डिसेंबर 2018मध्ये टॉम क्रूझनं चित्र गुळगुळीत करणारी ती करामत बंद करा असं प्रेक्षकांना जाहीरपणे सांगितलं, आणि 2019मध्ये अशा करामती बंद ठेवणारा ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला. खेळणारे आणि सिनेमा बघणारे दोघेही टीव्हीला एकच सांगत होते: बाबा रे, जरा कमी कर.

दुकानातला टीव्ही नेमका याच्या उलट सजवलेला असतो. झगझगीत दिव्यांखाली, सगळ्या करामती चालू, रंग भडक. प्लाझ्मा या दुसऱ्या प्रकारच्या सपाट पडद्यावर काळा रंग गडद उमटायचा आणि हालचाल स्वच्छ दिसायची, पण अशा उजेडात तो मंद भासायचा. किंमत आणि वीज यांच्या जोडीला हेही त्याच्या मुळावर आलं आणि 2014च्या सुमारास तो बाजारातून गेला. पाटीवरची अक्षरंही पूर्ण भरवशाची नाहीत. क्यूएलईडी हा मागून दिवा लावलेला एलसीडीच असतो, आणि ओएलईडीचा ठिपका झटकन बदलत असला तरी आतला कारागीर तिथंही असतोच. तेव्हा घरात खेळणारं कुणी असेल तर विक्रेत्याला इंच आणि सवलत विचारून झाल्यावर एवढंच सांगा: गेम मोड लावून दाखवा, आणि त्या मोडमध्ये चित्र कसं दिसतं ते बघूनच पैसे द्या.