९ मे : रेव्हरंड ना. वा. टिळक स्मृतिदिन

‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ओळखले जाणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत निवर्तले. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, चित्पावन ब्राह्मण घरातला. १८९३ मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरावर आकाशच कोसळले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

धर्म बदलला तरी टिळकांनी मराठी वळण सोडले नाही. उलट अभंग, ओवी, भजन, कीर्तन त्यांनी चर्चमध्ये नेले. ‘अभंगांजली’तला ख्रिस्तभक्त बोलतो तो वारकऱ्यांच्याच सुरात. ‘केवढे हे क्रौर्य!’ ही शिकाऱ्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची कविता तर कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केली. ‘वनवासी फूल’ आणि ‘सुशीला’ ही त्यांची खंडकाव्ये. या खंडकाव्यांचे वाचक आता थोडेच. अहमदनगरला त्यांनी ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले. बालकवी ठोमरे त्यांच्या घरात घरच्यासारखेच वावरले. शेवटच्या काळात मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळाही भरवला.

येशूचे ओवीबद्ध चरित्र ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून अपुरे राहिले. त्याचा बहुतांश भाग पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिला, आणि ज्या बाईला टिळकांनीच लिहावाचायला शिकवले, तिचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र आज त्यांच्या सगळ्या काव्यापेक्षा अधिक वाचले जाते. हट्टी, उधळे, प्रेमळ टिळक भेटतात तेही त्यातच.