रॉय, इंद्रलाल

(२ डिसेंबर १८९८–२२ जुलै १९१८). पहिल्या महायुद्धातील भारतीय लढाऊ वैमानिक. जन्म कलकत्ता येथे. शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स स्कूलमध्ये. सेनादलांत हिंदी तरुणांना बादशाही कमिशन मिळणे दुर्मिळ असताना जुलै १९१७ मध्ये ते रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. हरदितसिंग मलिक, एरल सेन व मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे त्यांचे समकालीन हिंदी वैमानिक होत.

ऑक्टोबर १९१७ च्या अखेरीस रॉय ५६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये दाखल झाले. परंतु ६ डिसेंबर रोजी विमान कोसळून ते जखमी झाले व उड्डाणास अपात्र ठरले. बरे झाल्यावर जून १९१८ मध्ये त्यांना ४० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये पाठविण्यात आले. तेथे जॉर्ज मॅकेलरॉय या निष्णात वैमानिकाच्या तुकडीत त्यांनी हवाई युद्धाचे धडे घेतले.

ते ‘एसई ५ ए’ हे एकासनी विमान चालवीत. शत्रूची हॅनोव्हर विमाने द्व्यासनी होती व त्यांच्या मागील आसनावर मशीनगनधारी सैनिक असे. त्यामुळे पाठलाग करणारा वैमानिक स्वतःही गोळीबाराच्या टप्प्यात येई. ब्रिटिश वैमानिकांजवळ त्या वेळी हवाई छत्रीही नसे. अशा परिस्थितीत ६ ते १९ जुलै या अवधीत रॉय यांनी दहा विजय मिळविले. त्यांपैकी तीन ८ जुलै रोजी चार तासांच्या आत मिळविलेले होते. शत्रूचे विमान नष्ट झाल्याप्रमाणेच ते नियंत्रणाबाहेर गेल्याचीही नोंद विजय म्हणून होई. रॉय यांचे पाच विजय पहिल्या व पाच दुसऱ्या प्रकारचे असून त्यांतील काही सहकाऱ्यांसमवेत मिळविलेले होते.

२२ जुलै रोजी फ्रान्समधील कार्व्हँनजवळ जर्मन फोकर विमानांशी झालेल्या झुंजीत त्यांचे विमान पेटून कोसळले. मृत्युसमयी ते १९ वर्षांचे होते. एस्तव्हेल येथील दफनभूमीत त्यांची समाधी आहे. सप्टेंबर १९१८ मध्ये त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मरणोत्तर देण्यात आला. हे पदक मिळविणारे ते पहिले भारतीय होत.

हवाई युद्धात हिंदी तरुण युरोपीय वैमानिकांच्या बरोबरीने लढू शकतो, हे त्यांच्या कामगिरीने सिद्ध झाले. तथापि भारतीय वायुसेनेची स्थापना होण्यास ८ ऑक्टोबर १९३२ उजाडावा लागला. १९९८ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय डाक विभागाने टपाल तिकीट काढले.