१९४३ची रिकामी जागा

जॅझ ऐकतो असं मी चारचौघांत सांगतो, आणि माझ्याकडे १९४३ सालची एकही रेकॉर्ड नाही. आर्मस्ट्राँगची 'हॉट फाइव्ह'ची रेकॉर्डिंग्ज मी गेल्या वर्षी घेतली, ती लाज वेगळी. पैसे टाकले की ती मिटते. ही मिटत नाही.

१ ऑगस्ट १९४२पासून अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने रेकॉर्ड कंपन्यांसाठी वाजवणं बंद केलं. अध्यक्ष होता जेम्स पेट्रिलो. ज्यूकबॉक्स आणि रेडिओवर रेकॉर्डच वाजणार असेल, तर वादक हवेत कोणाला? म्हणून विकल्या गेलेल्या प्रत्येक रेकॉर्डमागे युनियनच्या निधीत पैसे द्या, ही मागणी. डेक्का सप्टेंबर १९४३मध्ये नमली; व्हिक्टर आणि कोलंबिया नोव्हेंबर १९४४पर्यंत अडून बसल्या. गायकांना बंदी लागू नव्हती, त्यामुळे मधल्या काळात वाद्यांऐवजी नुसता कोरस लावून गाणी निघाली. (मला ती ऐकवत नाहीत.)

नेमकं तेव्हाच बीबॉप घडत होतं. १९४३मध्ये अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी आणि सारा व्हॉन एकत्र होते. त्या बँडची एकही स्टुडिओ रेकॉर्ड नाही. उरलंय ते बॉब रेडक्रॉस या त्यांच्या दोस्ताने शिकागोतल्या हॉटेलच्या खोलीत उतरवून घेतलेलं थोडंसं. त्यात पार्कर आल्टो नव्हे, टेनर सॅक्सोफोन वाजवतो, कारण हाइन्सकडे त्याला तेच काम होतं. खरखर भरपूर.

पेट्रिलोचा राग येतो खरा, पण मागणीत चूक काय होती ते मला सांगता येत नाही. रेडक्रॉसचं रेकॉर्डिंग मी फोनवर ऐकलं. फुकट.