रासायनिक अभिक्रिया : चुन्याच्या भट्टीपासून भोपाळपर्यंत

दूध नासते, लोखंड गंजते, उदबत्ती जळून तिची राख होते. या तिन्ही घटनांत मूळचा पदार्थ उरत नाही. त्याच्या जागी वेगळ्या गुणधर्मांचा नवा पदार्थ येतो. अशा बदलास रासायनिक अभिक्रिया म्हणतात. बर्फ वितळून पाणी होते तेव्हा मात्र केवळ अवस्था पालटते, पदार्थ तोच राहतो. म्हणून तो भौतिक बदल होय.

अभिक्रियेत भाग घेणारे पदार्थ म्हणजे अभिक्रियाकारके आणि तयार होणारे पदार्थ म्हणजे उत्पादिते. या साऱ्या उलथापालथीत अणू नव्याने जन्मत नाहीत की नष्टही होत नाहीत. त्यांना जोडणारे बंध तुटतात आणि नवे बंध जुळतात. त्यामुळे आधीचे आणि नंतरचे एकूण वस्तुमान सारखेच भरते. फ्रेंच शास्त्रज्ञ आंत्वान लव्हाझिए याने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हे तत्त्व मांडले. शालेय विद्यार्थ्यांना समीकरणे संतुलित करण्याचा जो जाच वाटतो, त्याचे मूळ येथे आहे. हा हिशेब परीक्षेपुरता नाही, हे पुढे दिसेलच.

अभिक्रियांचे ढोबळमानाने चार प्रकार मानले जातात : संयोग, अपघटन, विस्थापन आणि दुहेरी विस्थापन. 'चुना लावणे' या वाक्प्रचाराने चुन्याची मराठीत पुरती बदनामी केली असली, तरी यांपैकी पहिले दोन प्रकार समजून घेण्यास चुन्याइतका प्रामाणिक पदार्थ दुसरा नाही.

चुनखडी म्हणजे मुख्यत्वे कॅल्शिअम कार्बोनेट. भट्टीत ती सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि चुनकळी, म्हणजे कॅल्शिअम ऑक्साइड, मागे राहते. एका पदार्थाचे दोन किंवा अधिक पदार्थ झाले, म्हणून ही अपघटन अभिक्रिया. तिला सतत उष्णता पुरवावी लागते, म्हणून ती उष्माग्राही.

चुनकळीवर पाणी ओतले की ती फसफसते, फुगते, फुटते आणि पाणी उकळू लागते. जुन्या बांधकामांवर चुना विरवताना गवंडी लहान मुलांना जवळ फिरकू देत नसत, ते याचसाठी. येथे दोन पदार्थांचा मिळून एक, कॅल्शिअम हायड्रॉक्साइड, झाला. ही संयोग अभिक्रिया. आणि उष्णता बाहेर पडते म्हणून उष्मादायी. विरलेला हाच चुना वाळूसह घाणीत मळून भिंतीत वापरला, की तो हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून पुन्हा चुनखडी बनतो. भट्टीत दगडातून गेलेला वायू वर्षानुवर्षांनी भिंतीत परत येतो. गंमत म्हणजे वर्तुळ पूर्ण करणारी ही तिसरी अभिक्रिया वरील चार कप्प्यांत नीटशी बसत नाही. वर्गीकरण ही माणसाची सोय आहे, निसर्गावरील बंधन नव्हे.

आता हिशेबाकडे वळू. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली तर ५६ किलो चुनकळी मिळते. उरलेले ४४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत जातात. सिमेंटच्या भट्टीतही चुनखडीचे हेच अपघटन घडते. मानवी व्यवहारांतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंट उद्योगाचा वाटा जगभरात सुमारे ७ ते ८ टक्के धरला जातो, आणि त्यातील निम्म्याहून अधिक वायू जळणाचा नसून चुनखडीतून सुटलेला असतो. कोळशाऐवजी अन्य स्वच्छ इंधन वापरले तरी तो थांबणार नाही, कारण तो अभिक्रियेचेच उत्पादित आहे. सिमेंट उत्पादनात चीनखालोखाल भारताचा क्रमांक लागतो; आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात या उद्योगाचा मोठा विस्तार आहे. औष्णिक वीजकेंद्रांतील राख किंवा भाजलेली चिकणमाती मिसळून भट्टीतील मालाचे प्रमाण कमी करणे, हा सध्याचा व्यवहार्य मार्ग. पूर्ण उपाय तो नव्हे.

तिसरा प्रकार विस्थापनाचा. अधिक क्रियाशील मूलद्रव्य कमी क्रियाशील मूलद्रव्याला त्याच्या संयुगातून हुसकावून लावते. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवला की त्यावर तांब्याचा तांबूस थर चढतो, हा प्रयोग शाळेत बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्याचेच उग्र रूप रेल्वेच्या रूळजोडणीत पाहावयास मिळते. ॲल्युमिनिअमचा चुरा आणि लोह ऑक्साइड यांचे मिश्रण पेटविले असता ॲल्युमिनिअम लोहाकडील ऑक्सिजन हिरावून घेते. तापमान दोन हजार अंशांच्या वर जाते आणि वितळलेले लोखंड दोन रुळांमधील फटीत उतरते. येथे ॲल्युमिनिअमचे ऑक्सिडीकरण झाले आणि लोह ऑक्साइडचे क्षपण. ही जोडी नेहमी एकत्रच घडते. लोखंडाचे गंजणे हेही ऑक्सिडीकरणच, फरक वेगाचा.

दुहेरी विस्थापनात दोन संयुगे आपापले घटक परस्परांत बदलतात. बोअरवेलच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट साका जमतो. तो पाण्यातील कॅल्शिअम, मॅग्नेशिअम आणि साबणातील सोडिअम यांच्या अदलाबदलीचा अवक्षेप असतो. आम्ल आणि आम्लारी यांच्यापासून क्षार व पाणी देणारे उदासिनीकरण याच प्रकारात मोडते.

तथापि अभिक्रियेचा प्रकार ओळखला म्हणजे तिचे सारे समजले, असे नाही. किती उष्णता निघते आणि किती वेगाने निघते, हे प्रश्न अनेकदा अधिक निर्णायक ठरतात. तापमान वाढले की बहुतेक अभिक्रियांचा वेग वाढतो. अभिक्रिया स्वतःच उष्मादायी असेल आणि ती उष्णता काढून घेण्याची सोय नसेल, तर उष्णतेने वेग आणि वेगाने उष्णता असे चक्र सुरू होते.

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री हेच घडले. कीटकनाशकासाठी लागणारा मिथिल आयसोसायनेट हा द्रव तेथील ६१० क्रमांकाच्या टाकीत साठविला होता. तो अवघ्या ३९ अंशांना उकळतो, म्हणून तो थंड ठेवणे आवश्यक. त्या टाकीत पाणी शिरले. ते कसे शिरले, यावर कंपनी आणि तिचे टीकाकार यांच्यात अखेरपर्यंत एकमत झाले नाही. पाण्याशी होणारी या द्रवाची अभिक्रिया उष्मादायी असून तिच्यात कार्बन डायऑक्साइडही निर्माण होतो. त्यामुळे तापमान आणि दाब दोन्ही चढत गेले. शीतकरण यंत्रणा त्यापूर्वी काही महिन्यांपासून बंद होती. सुमारे ४० टन विषारी द्रव वायुरूपाने शहरावर पसरला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पाणी आणि हा द्रव एकत्र आल्यास काय होते, हे रसायनतज्ज्ञांना ठाऊक होते, ही बाब अधिक अस्वस्थ करणारी आहे.

घरात धोका लहान असतो, परंतु असतो. न्हाणीघर स्वच्छ करताना आम्लयुक्त द्रव आणि ब्लीचिंग पावडर किंवा द्रवरूप ब्लीच एकत्र ओतण्याची सवय अनेकांना असते. दोन्ही मिळून अधिक स्वच्छता होईल, अशी समजूत त्यामागे असावी. प्रत्यक्षात त्यातून क्लोरीन वायू बाहेर पडतो. पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१५ मध्ये बेल्जिअममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शस्त्र म्हणून सोडला तो हाच वायू. तो हवेपेक्षा जड असल्याने बंद न्हाणीघरात जमिनीलगत साचतो आणि डोळे, घसा व फुप्फुसांना इजा करतो. अशा वेळी दुसरे कोणतेही रसायन ओतून उपाय करू नये. तत्काळ बाहेर पडावे, दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि खोकला किंवा धाप थांबत नसल्यास डॉक्टरांकडे जावे. चुनकळीचा कण डोळ्यात गेल्यास डोळा न चोळता वाहत्या स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा. कण पापणीत अडकून राहण्याची शक्यता असल्याने त्यानंतरही नेत्रतज्ज्ञांना दाखविणे टाळू नये.