ठाणे-डोंबिवलीतील संगणक व्यावसायिक आणि अमेरिकेचा कामाचा व्हिसा : एक ऐतिहासिक विवेचन

ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसराचा सामाजिक इतिहास बहुधा रेल्वेच्या अनुषंगाने मांडला जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत पोहोचलेल्या लोहमार्गानेच येथील नोकरदार वर्ग घडविला. तथापि १९९० नंतर या वर्गातील एका गटाचे आयुष्य ज्या वेळापत्रकाशी बांधले गेले ते लोकलचे नव्हते; ते अमेरिकन काँग्रेसने संमत केलेल्या कायद्यांचे होते.

अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यातील ‘एच-१’ हा वर्ग असामान्य गुणवत्तेच्या परकीय व्यक्तींना तात्पुरता प्रवेश देण्यासाठी होता. १९९० च्या कायद्याने त्यातून ‘एच-१बी’ वेगळा काढला, पदवीची अट घातली आणि वार्षिक मर्यादा ६५,००० ठरविली. असामान्यत्वाची जागा पदवीने घेतली, हा बदल मध्यमवर्गीय डोंबिवलीच्या दृष्टीने निर्णायक होता. अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी या अटीत सहज बसे. तीन वर्षांची बी.एस्सी. मात्र अपुरी पडे. तेथे तीन वर्षांचा अनुभव एका शैक्षणिक वर्षाइतका धरण्याचा नियम उपयोगी पडला. आपल्या महाविद्यालयांतील विज्ञान शाखेच्या पदवीचे परदेशातील मोल अशा रीतीने ठरत होते, ही बाब अध्यापकवर्गाने लक्षात घेण्याजोगी आहे.

या व्यवस्थेचे मर्म असे की अर्ज कर्मचारी करीत नाही, मालक करतो. पर्याय आहेत ते मालकापुढे. ‘एच-१बी’साठी त्या भागातील प्रचलित वेतन देण्याची हमी द्यावी लागते. १९७० मध्ये निर्माण झालेल्या ‘एल-१’मध्ये कंपनीच्या परदेशातील कार्यालयात किमान एक वर्ष काम केलेला व्यवस्थापक वा विशेष ज्ञान असलेला कर्मचारी अमेरिकेतील शाखेत पाठविता येतो, तेथे वार्षिक मर्यादा नाही आणि प्रचलित वेतनाची अटही नाही. अंधेरीच्या सीप्झमध्ये एकवटलेला हा व्यवसाय पुढे ठाण्याच्या पोखरण रस्त्यावर व ऐरोलीत विस्तारला, तेव्हा हा दुसरा मार्गही घराजवळ आला. वेतनाच्या हमीचे काय होत असे, याचे उदाहरण ऐरोलीत मोठे संकुल असलेल्या पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्सचे आहे. २००७ मध्ये अमेरिकेच्या श्रम खात्याच्या चौकशीनंतर या कंपनीने ६०७ ‘एच-१बी’ कर्मचाऱ्यांना २४ लाख डॉलरहून अधिक थकीत वेतन दिले.

मर्यादेचा आकडा तेथील उद्योगाच्या गरजेनुसार हलत राहिला. तो १९९९ साठी १,१५,००० आणि २००१ ते २००३ या वर्षांसाठी १,९५,००० झाला. २००४ साठी पुन्हा ६५,००० वर आला. अमेरिकेतील उच्च पदवीधरांसाठी २०,००० जागा नंतर वाढविण्यात आल्या. २००७ च्या एप्रिलमध्ये पहिल्या दोन दिवसांतच मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक अर्ज आले आणि सोडत काढावी लागली. गुणवत्ता सिद्ध करूनही प्रवेश चिठ्ठीवर अवलंबून राहणे, हे परीक्षेतील गुणांवर श्रद्धा असलेल्या समाजाला पचणे कठीणच होते.

कुटुंबावरील परिणाम याहून खोल आहेत. ‘एल-१’धारकाच्या पत्नीस वा पतीस २००२ पासून नोकरीची मुभा मिळाली, ‘एच-१बी’धारकाच्या जोडीदाराला ती २०१५ पर्यंत नव्हती, आणि नंतरही ती ग्रीन कार्डच्या प्रक्रियेत ठराविक टप्पा गाठलेल्यांपुरतीच. म्हणजे पतीच्या कंपनीने कोणता वर्ग निवडला, यावर एखाद्या अभियंता स्त्रीचे व्यावसायिक आयुष्य अवलंबून राही. विवाह जुळविताना हा तपशील कितीजण विचारीत असतील?

‘एच-१बी’ची मूळ मुदत सहा वर्षांची. २००० च्या कायद्याने ग्रीन कार्ड प्रलंबित असणाऱ्यांना मुदतवाढ दिली. पण कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांहून अधिक ग्रीन कार्डे न देण्याच्या नियमामुळे भारतीयांची प्रतीक्षा दशकांवर गेली. दरम्यान पालकांबरोबर परावलंबी म्हणून गेलेली मुले २१ वर्षांची होताच तो दर्जा गमावू लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणापत्राने देशाबाहेरील व्यक्तीसाठी केल्या जाणाऱ्या नव्या ‘एच-१बी’ अर्जावर एक लाख डॉलरचा आकार लावला. हा आकार भरायचा तो मालकाने. भरायचा की नाही, हा निर्णयही त्याचाच.