राखणदार कोण? पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामची गोष्ट

तुम्ही हा भाग अँड्रॉइड फोनवर ऐकत असाल, तर वरची पट्टी जरा खाली ओढून बघा. पॉडकास्टचं नाव आणि थांबवायचं बटण दिसेल. ते नुसतं तुमच्या सोयीसाठी नाहीये बरं का. 2017 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 8 ने अ‍ॅप्सना बजावलं की स्क्रीन बंद असताना काम करत राहायचं असेल, तर माणसाला दिसेल अशी नोटिफिकेशन लावा, आणि तीही सर्व्हिस सुरू केल्यापासून 5 सेकंदांत. नाही लावलीत, तर सिस्टिम तुम्हाला बंद पाडणार.

आज मला या नियमामागचा जुना प्रश्न सांगायचाय. ज्या प्रोग्रामसमोर कोणीच बसलेलं नाही, त्याला सुरू कोण करणार? तो मेला तर कळणार कोणाला? आणि परत उभा कोण करणार?

सुरुवात नावापासून करू. 1963 च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांची मंडळी आयबीएम 7094 या मशीनवर काम करत होती. कोणी न सांगता, मागच्या मागे कामं उरकणाऱ्या प्रोग्रामना त्यांनी ‘डीमन’ म्हणायला सुरुवात केली. अगदी सुरुवातीच्या डीमनपैकी एक फायलींची टेपवर नक्कल करून ठेवायचा. नाव घेतलं भौतिकशास्त्रातून. मॅक्सवेलने 1867 मध्ये एक काल्पनिक जीव रंगवला होता, दारात बसून वेगवान आणि मंद रेणू निवडून वेगळे करणारा. मराठीत याला कोणी ‘भूत’ म्हटलं की मला पटत नाही. आपल्या कोकणात गावाच्या वेशीवर राखणदार असतो ना, दिसत नाही पण पहारा देतो, तो याच्या जास्त जवळचा.

आता युनिक्स. 1969 मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ते सुरू केलं. त्या काळी माणूस टर्मिनलवर बसायचा, अनेकदा टेलिफोनच्या लाइनवरून. लाइन तुटली की सिस्टिम त्याच्या प्रोग्रामना ‘हँगअप’ असा सिग्नल पाठवायची आणि ते मरायचे. बरोबरच होतं, माणूस गेला तर त्याचा पसारा कशाला ठेवायचा? पण डीमनला तर माणूस गेल्यावरही जगायचंय. मग त्याने एक युक्ती करायची. स्वतःची एक नक्कल काढायची आणि मूळ प्रोसेस संपवायची. त्या नकलेने टर्मिनलशी नातं तोडायचं, आणखी एक नक्कल काढायची आणि आपणही मरायचं. उरलेलं नातवंड पोरकं होतं, आणि पोरक्या प्रोसेसला सिस्टिमची पहिली प्रोसेस, म्हणजे ‘इनिट’, दत्तक घेते. याला डबल फोर्क म्हणतात. मला ही युक्ती फार आवडते, पण यात एक भलतीच अडचण होती.

डीमन निसटून गेला, मग त्याला थांबवायचं कसं? तर त्याने सुटताना आपला प्रोसेस क्रमांक एका फायलीत लिहून ठेवायचा. तो मध्येच मेला तर फाइल तशीच राहणार, आणि तोच क्रमांक पुढे दुसऱ्याच प्रोसेसला मिळू शकतो. मग रात्री कोणी ‘थांबव’ म्हणून आज्ञा दिली की भलताच प्रोग्राम बळी जाणार. सिस्टिम फाइव्हच्या पद्धतीत प्रत्येक सर्व्हिससाठी सुरू करा, थांबवा असं सांगणारी एक शेल स्क्रिप्ट असायची. कोणाच्या आधी कोण, हे फायलीच्या नावातल्या आकड्यावरून ठरायचं. प्रत्येक जण दुसऱ्याची स्क्रिप्ट उचलून त्यात थोडे बदल करायचा. आणि डीमन पहाटे 3 वाजता मेला, तर बहुतेक वेळा तो मेलेलाच राहायचा. सकाळी कोणीतरी ओरडेपर्यंत.

विंडोज एनटी 1993 मध्ये आली ती वेगळा विचार घेऊन. तिथे ‘सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर’ नावाचा मुकादम आहे. तो सर्व्हिस सुरू करतो आणि ‘मी आलो’ असा निरोप यायची वाट बघतो, साधारण 30 सेकंद. निरोप नाही आला की 1053 क्रमांकाची चूक. म्हणजे साधा प्रोग्राम उचलून सर्व्हिस म्हणून बसवला तर तो नीट चालत असूनही मुकादम म्हणणार, गैरहजर. म्हणून मधे दुभाषे ठेवायची पद्धत पडली. मायक्रोसॉफ्टच्याच रिसोर्स किटमधलं एसआरव्हीएनी, नंतर एनएसएसएम.

अ‍ॅपलने एप्रिल 2005 मध्ये मॅकच्या टायगर आवृत्तीत ‘लाँचडी’ आणलं, आणि इथे गोष्टीला खरं वळण लागतं. लाँचडीच्या माहितीपानात स्पष्ट सांगितलंय की प्रोग्रामने स्वतःहून पडद्यामागे जायचं नाही. डबल फोर्क करायचा नाही. इतकी वर्षं जी विद्या शिकवली, तीच आता मनाई! कारण सोपं आहे. तुम्ही पळून गेलात तर लाँचडी तुमच्यावर लक्ष कसं ठेवणार? तुम्ही फक्त काम करा, जगवायची जबाबदारी माझी.

मी मुद्दाम एकच छोटा प्रोग्राम तिन्हीकडे बसवून बघितला. मॅकवर एक्सएमएलची फाइल लिहिली, त्यात ‘कीपअलाइव्ह’ चालू केलं. विंडोजवर ‘एससी क्रिएट’ची आज्ञा, जिच्यात बरोबरच्या चिन्हानंतर एक मोकळी जागा सोडावीच लागते. आणि लिनक्सवर दहाएक ओळींची फाइल: प्रोग्राम कुठे आहे, कोणत्या यूजरच्या नावाने चालवायचा, मेला तर परत सुरू करायचा का. मला सगळ्यात वाचायला सोपी तीच वाटली.

ती फाइल ज्याची, त्या सिस्टिमडीवरून मात्र महाभारत झालं. लेनार्ट पॉटरिंग आणि के सिव्हर्स यांनी ते 2010 मध्ये आणलं. लिनक्सच्या कर्नेलमध्ये तोवर सीग्रुप्स आले होते. डीमनने कितीही नकला काढल्या तरी सगळं कुटुंब एकाच गटात मोजलं जातं, त्यामुळे क्रमांकाच्या फायलीची गरज संपली. फेडोराने 2011 मध्ये ते स्वीकारलं. विरोधकांचं म्हणणं होतं की पहिल्या प्रोसेसने लहान आणि साधं राहावं. आज ती सर्व्हिस सांभाळते, उद्या लॉग, परवा लॉगिन. एवढी सत्ता एकाच्या हातात का? हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. नुसती जुन्याची सवय म्हणून तो उडवून लावणाऱ्यांनी सिस्टिमडीचा पसारा एकदा मोजावा.

डेबियन हा स्वयंसेवकांनी चालवलेला प्रकल्प. तिथे हा वाद बग क्रमांक 727708 म्हणून तांत्रिक समितीपुढे गेला. सदस्य 8. फेब्रुवारी 2014 मध्ये मतं पडली, 4 विरुद्ध 4. अध्यक्ष बडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी जिंकलं. तीनच दिवसांनी उबंटूच्या मार्क शटलवर्थ यांनी जाहीर केलं की आम्हीही आमचं अपस्टार्ट सोडून त्यांच्यासोबत येतो. पण जखम भरली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॉटरिंगने आपल्याला येणाऱ्या धमक्यांबद्दल उघडपणे लिहिलं. नोव्हेंबरमध्ये समितीतले इयन जॅक्सन राजीनामा देऊन बाहेर पडले, आणि काही जणांनी डेबियनची फाटाफूट करून देवुआन नावाचं सिस्टिमडीशिवायचं लिनक्स जाहीर केलं. पहारेकरी कोण, एवढ्यावरून घर वेगळं झालं.

डिसेंबर 2019 मध्ये डेबियनने हाच विषय परत मताला टाकला, यावेळी सगळ्या सदस्यांच्या. निकाल असा लागला: सिस्टिमडी राहील, पण दुसरे पर्याय धुंडाळणाऱ्यांनाही साथ देऊ. देवुआन आजही निघतं. आणि त्यात अजून त्या जुन्या शेल स्क्रिप्ट चालतात, नावातल्या आकड्यांसकट.